गालिच्याखालचे कोष

सगळे तिला माशीबाई म्हणत आणि तिला त्याचा राग येत नसे. प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत, जाळीच्या पिंजऱ्यांत ती माश्या वाढवायची. हिरव्या, निळ्या, काचेच्या मण्यांसारख्या चमकणाऱ्या. कुठे बेवारस मढं सापडलं की त्याच्या अंगावरच्या आळ्या बाटलीतून तिच्याकडे येत. काही ती गरम पाण्यात मारून मोजायला ठेवी. उरलेल्या आळ्या ती बकऱ्याच्या काळजाच्या तुकड्यावर पोसायची, त्यांच्या माश्या होऊन उडेपर्यंत. माशी कुठल्या जातीची, हवा किती उबदार, वाढ कुठवर आली, एवढं जुळवलं की माणूस केव्हा गेला याचा अंदाज बांधता येई.

"लोकांच्या लेकी मांजर पाळतात, पोपट पाळतात," आई म्हणायची. "माझीनं काय निवडलं बघा! आणि मी जन्मात नाकावर माशी बसू दिली नाही." पण पाहुणे आले की हेच ती मोठ्या ऐटीत सांगायची.

आईचा एकुलता एक भाऊ, माशीबाईचा मामा, सुताराच्या कारखान्यावरच्या खोलीत एकटा राहायचा. खाली दिवसभर वार्निशचं काम. जिन्यात पाय ठेवला की दुसरा कुठला वासच येत नसे. मामाला ऐकू कमी यायचं, त्यामुळे टीव्ही सदा मोठ्यानं चालू. आईच्या गुडघ्यांना तो जिना झेपत नव्हता. म्हणून दर रविवारी माशीबाईचा दादा जाई आणि परत येऊन सांगे, "मामा मजेत आहे. तुझी चौकशी करत होता." तेवढ्या वाक्यावर आईचा पुढचा आठवडा निघायचा.

त्या थंडीत एका शनिवारी सुतार टीव्हीचा आवाज कमी करा म्हणून सांगायला वर गेला. दार काही उघडलं नाही. शेवटी पोलिसांनी तोडलं. मामा खुर्चीत बसल्या जागी गेला होता. दादानं बहिणीला वर येऊच दिलं नाही. "गेल्या रविवारी तर हसत होता," त्यानं सगळ्यांना सांगितलं. म्हातारा माणूस, आतून कडी, संशयाला जागा नव्हती. कुणी खोलात गेलं नाही.

आई रडली, पण रडताना एक गोष्ट घट्ट धरून बसली. "जाण्याआधी आपलं माणूस बघितलं त्यानं. माझं लेकरू भेटून आलं होतं."

दोन दिवसांनी खोली रिकामी करायला दोघं भावंडं गेली. खुर्ची आधीच हलवली होती. माशीबाईनं गालिच्याची कड उचलली आणि तिथेच थबकली. भिंतीच्या कडेनं तपकिरी दाणे पसरले होते, भाजलेल्या गव्हासारखे. एक तिनं तळहातावर घेतला. त्याचं टोपण उडालेलं होतं. आत काही नव्हतं. माशी कोषातून निघून कधीच उडून गेली होती.

एवढ्या थंडीत रविवार ते शनिवार म्हणजे आळी कुठे बाळसं धरते. रिकामा कोष म्हणजे तीन आठवडे तरी.

ऊब असली की आळी भराभर वाढते. ती वेड्यासारखी खोलीतला हीटर शोधू लागली. तो खाटेखाली खोक्यात मिळाला, खोक्याची चिकटपट्टीसुद्धा फाडलेली नव्हती. मग ती कचऱ्याच्या डब्याकडे धावली. कोष कचऱ्यात वाढलेल्या आळ्यांचे असले तर? डबा धुऊन पालथा घातलेला होता. मामाचं सगळं काम असं नीटनेटकं.

"दादा, रविवारी मामा काय म्हणाला?"

"किती वेळा सांगू? मजेत होता."

"त्याचे शब्द सांग."

"शब्द कसले? टीव्ही बघत होता."

"तू बघितलास त्याला?"

दादाच्या हातातलं खोकं खाली आलं. "जिन्यातून हाक मारली मी. 'मामा, ठीक आहेस ना?' त्याला कुठे ऐकू येतं! पण आत हसला की तो. मोठ्यानं हसला."

माशीबाईनं टीव्हीकडे पाहिलं. मग मूठ उघडून तो रिकामा कोष त्याच्यापुढे धरला.

"म्हणजे... त्याच्या आधीच्या रविवारी?"

"तेव्हाही नव्हता."

दादा मटकन खाली बसला. बसला ती जागा खुर्चीची होती. निखाऱ्यावर बसावं तसा ओरडून उठला.

घरी आई वाटच बघत होती. दिवाणखान्यातला टीव्ही चालू होता. बातमी आल्यापासून तिला शांतता सोसत नव्हती. तिनं लेकीचा हात धरला.

"तू यातली आहेस. मला खोटं सांगू नकोस. रविवारनंतर किती दिवस होता गं माझा भाऊ?"

दादा बहिणीकडे बघत होता, पट्टीचा पोहणारा बुडताना काठाकडे बघतो तसा. दोन दिवस म्हणावं की तीन? आजवर माशीबाईनं आळीचं वय कुणासाठी कमी केलं नव्हतं.

"आई," दादाच म्हणाला, "मी वर गेलोच नव्हतो. कितीतरी रविवार. जिन्यातूनच हाक मारून परत यायचो."

आईला ते कळायला वेळ लागला.

"मग हसलं कोण?"

तेवढ्यात दिवाणखान्यात टीव्हीवर कशावरून तरी एकदम हशा पिकला.

आईनं मान वळवली. भिंतीला धरत, गुडघे ओढत ती उठली. दादा पुढे झाला, त्याला तिनं हातानंच मागे सारलं. टीव्हीपाशी जाऊन तिनं तो बंद केला. घर एकदम सुन्न झालं.

"तीन आठवडे, आई," माशीबाई हळूच म्हणाली.

आईनं टीव्हीच्या पाठीवर हात ठेवला.

"गरम आहे अजून," ती म्हणाली. आणि हात काही काढेना.