वरच्या पाव्हण्याचा नाताळ

या शहरात मराठी बोलणारी माणसं लाखांनी असतील, पण अस्सल मराठवाडी शिव्या देऊन बंद पडलेलं यंत्र चालू करणारा पोलंडचा माणूस एकच आहे, आणि तो आमच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. चितेगावच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला म्हणून तो सहा महिन्यांसाठी आला, त्याला आता सहा वर्षं झाली. कारखान्याजवळ चांगली खोली मिळत असताना तो पार दुसऱ्या टोकाला हर्सूलला आला, कारण त्याला पाणी दिसायला हवं होतं. घर बघायला आला तेव्हा त्यानं घर बघितलंच नाही. थेट गच्चीवर गेला, तलाव दिसतो का ते पाहिलं आणि सामान आणायला निघून गेला. मराठी तो कारखान्यातल्या फिटर लोकांकडून शिकला. त्यामुळे मोठ्या साहेबालासुद्धा तो "व्हय, व्हय, करतो की, लई घाई करू नका" असं सांगतो. साहेब पुण्याचे आहेत, त्यांना अजून सवय झालेली नाही. माझ्या आईला मात्र त्याचं बोलणं फार आवडतं. पंचावन्न वर्षांच्या या सहा फुटी गृहस्थाला ती कौतुकानं 'लेकरू' म्हणते आणि हाक मारताना 'पाव्हणं'. तो तिला मावशी म्हणतो.

वाकडी, डुगडुगणारी, करकरणारी वस्तू त्याला सहन होत नाही. आमच्या घरातलं एकही दार आता वाजत नाही, त्यामुळे कोण आलं आणि कोण गेलं याचा पत्ता लागत नाही. माझ्या पुतणीच्या लग्नात वरात दारात आली आणि पाव्हणा गायब. शोधाशोध केली तर हा जेवणाच्या टेबलाखाली पालथा पडून डुगडुगत्या पायाखाली पुठ्ठा सारत होता. नवऱ्याकडच्या मंडळींना वाटलं, मांडववाल्याचा माणूस आहे. त्यांनी त्याच्याकडून दोन पंखेही दुरुस्त करून घेतले. यानंही आनंदानं करून दिले, आणि वर 'बघा, आता कसा गपगार फिरतोय' असं त्यांनाच ऐकवलं.

हे झालं अकरा महिन्यांचं. डिसेंबर लागला की पाव्हणा बदलतो. एरवी बडबड करणारा माणूस जिन्यात भेटला तरी नुसती मान हलवतो. आपल्याकडे तेव्हा दुपारी चांगलं ऊन असतं, आणि तेच त्याला नको असतं. तो पडदे ओढतो, एसी सोळावर ठेवतो आणि त्याच्या आईनं विणलेला जाड स्वेटर घालून बसतो. एकदा आई धपाटे द्यायला वर गेली आणि दात वाजवत खाली आली. "पाव्हण्यानं घरात थंडी कोंडून ठिवलीय," ती म्हणाली. तेव्हापासून डिसेंबरात ती शाल घेऊनच जिना चढते.

तीन वर्षांपूर्वी त्यानं आईकडे मूठभर वाळलं गवत मागितलं. येशू गोठ्यात जन्मला, म्हणून त्यांच्याकडे नाताळच्या आदल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर चादरीखाली थोडं गवत पसरतात, एवढंच कारण होतं. पण माझी आई खुलताबादकडच्या मेंढपाळाच्या घरातली. वैरण मागायला आलेल्याला मूठभर देणं हे तिच्या हिशेबात दारातून हाकलून देण्यासारखं. तिनं मामाला फोन केला. दुसऱ्या दिवशी टेम्पो भरून कडबा आला आणि वर मामा बसलेला. खाली उतरून त्यानं आधी घराला एक चक्कर मारली आणि विचारलं, "जनावर कुठं बांधलंय?" जनावर नाही, जेवणाच्या टेबलासाठी पाहिजे, असं कळल्यावर तो आईकडे आणि आई त्याच्याकडे बघत राहिली. पाव्हण्यानं एका पेंढीतून मूठभर काडी उपसली, नाकाशी नेली आणि पायरीवरच बसला. "आमच्या घरचा वास हाय," तो म्हणाला. मग मामाही त्याच्याशेजारी बसला. जनावरांची माणसं ओळखायला मामाला वेळ लागत नाही. बाकीचा कडबा गल्लीतल्या गायवाल्यानं आपल्या गायींना उन्हाळ्यापर्यंत पुरवला.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी मात्र पाव्हण्याचं दार दरवर्षी बंद असायचं. "घरच्यांबरोबर नाताळ हाय," असं तो सांगायचा. घरचे म्हणजे लॅपटॉपवर दिसणारी आई, बहीण, बहिणीचा नवरा आणि दोन भाच्या. याचं लग्न झालेलं नाही. आम्हाला कधी बोलवायचा नाही, आणि खरं सांगतो, मला त्याचं थोडं वाईट वाटायचं. आपल्या दिवाळीत हा पहाटे उटणं लावायला पहिला हजर, आणि स्वतःच्या सणाला कडी! सकाळी तेवढं पातेलंभर बीटाचं सार आणि उकडलेल्या करंज्या खाली यायच्या. एकट्या माणसाचा अंदाज चुकतो, असं आम्ही म्हणायचो.

मागच्या वर्षी त्याच्या आईचा फोन ऑक्टोबरातच आला. ती चौऱ्याऐंशी वर्षांची, त्यात पावसाळाभर आजारी होती. या वेळी येच, म्हणाली. पाच वर्षांत तिनं असं कधी म्हटलं नव्हतं. पण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कारखाना बंद ठेवून सगळी यंत्रं उघडतात, आणि ती उघडून पुन्हा जोडणारा माणूस हाच. त्यानं तीनदा सुट्टी मागितली. तिन्ही वेळा साहेबांनी पुढच्या वर्षी नक्की, असं सांगितलं. हे सगळं त्यानं मला आमच्या सायकलच्या साखळीला तेल घालता घालता सांगितलं. साखळीला तेलाची काही गरज नव्हती.

चोवीस तारखेला संध्याकाळी साडेआठला तो धावत खाली आला. अंगात स्वेटर, कपाळावर घाम. रस्ता खोदणाऱ्यांनी कुठंतरी इंटरनेटची तार तोडली होती आणि त्याच्या मोबाईलचा डेटा संपला होता. "भाऊ, मोबाईल दे! आई बसलीय तिकडं," तो म्हणाला. मी फोन घेऊन वर पळालो. माझ्यामागं शाल गुंडाळत आई.

वर टेबल मांडलेलं होतं. पांढरी चादर, आणि सहा माणसांची सहा ताटं. प्रत्येक ताटापाशी नाव लिहिलेली चिठ्ठी, प्रत्येक वाटीत गरम सार वाढलेलं. पाच खुर्च्या रिकाम्या, सहावी त्याची. लॅपटॉप होता तो त्याच्या आईच्या ताटापुढं. पाच वर्षं हा माणूस सहा जणांचं रांधत होता, वाढत होता आणि एकटा जेवत होता. बोलवत नाही म्हणून रुसलेल्या मला त्या खोलीत कुठं बघावं ते कळेना.

माझ्या फोनवरून लॅपटॉप जोडला गेला. पडद्यावर म्हातारी दिसली, डोक्याला रुमाल, मागं बाकीचे. सगळ्यांच्या हातात पापडासारखी पातळ पांढरी वडी होती. तशीच एक त्याच्या हातात, तिनं टपालानं पाठवलेली. जेवणाआधी ती एकमेकांना मोडून द्यायची आणि देताना चांगला आशीर्वाद द्यायचा, अशी त्यांच्याकडची रीत. तिकडं सगळ्यांनी एकमेकांच्या मोडल्या. हा आपली वडी पडद्यासमोर धरून उभा. म्हातारी काहीतरी बोलली आणि बोटानं त्याच्या पलीकडं दाखवू लागली.

"आई म्हणती, त्या बाईंना मोडू दे," तो म्हणाला.

माझ्या आईनं चपला बाहेर काढल्या होत्याच. तिनं मोरीवर जाऊन हात धुतले, पदर डोक्यावर घेतला आणि प्रसाद घेतात तशी दोन्ही हातांत वडी घेऊन मोडली. "पुढच्या साली ह्या टायमाला आईपाशी बसून जेवशील बाबा," ती म्हणाली. त्यानं ते तिकडच्या भाषेत सांगितलं. म्हातारीनं ऐकलं, हसली, मान हळूच नाही अशी हलवली आणि दोनच शब्द बोलली.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"जेवायला बसा म्हणाली," तो म्हणाला.

आम्ही बसलो. जिना उतरताना आई मला म्हणाली, "जेवायला बसा नाय म्हणाली रं ती. निरोप घेत हुती."

फेब्रुवारीत त्याची आई गेली. तो मातीला जेमतेम पोचला, पंधरा दिवसांनी परत आला आणि दुसऱ्याच दिवशी कामावर गेला. या डिसेंबरात साहेबांनी त्याला न मागता महिनाभराची सुट्टी दिली. तो कागद घेऊन तो आमच्या दारात उभा राहिला, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा मला त्याचं मराठी परक्या माणसासारखं वाटलं, इतकं हळू बोलला. "भाऊ, आता तिकडं जाऊन कुणाला सांगू, आलो म्हणून?"

आईनं त्याला हाताला धरून आत नेलं.