टेस्टिंग रूममधल्या आपा

बंद पडलेलं यंत्र टेबलावर आलं की आपा आधी त्याचं झाकण काढत आणि पूर्वी ज्याने कुणी त्याला हात लावला असेल त्याचा उद्धार करत. "डाग दिलाय का शेण थापलंय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तारा जोडणारा कथलाचा एक ओबडधोबड डाग दिसला, की तो देणारा माणूस कोण, कुठला, जिवंत आहे की नाही, काही माहीत नसताना त्याची अक्कल निघायची. यंत्रं बहुतेक इंग्रजांच्या काळातली, त्यामुळे पुष्कळदा ही बोलणी एखाद्या गोऱ्या साहेबालाच बसत.

आमचा कारखाना घोटावडे फाट्याजवळ, पत्र्याच्या शेडमध्ये होता. जत्रा, सभा आणि लग्नं यांत जे कर्णे कोकलतात त्यांचे ॲम्प्लिफायर आम्ही करायचो. बी.एस्सी. झाल्यावर, सत्तरचं दशक संपता संपता, मी तिथे तपासणीच्या कामाला लागले. तपासायची यंत्रं मालकांनी भंगाराच्या लिलावातून आणलेली होती. त्यांतला ऑसिलोस्कोप, म्हणजे गोल हिरव्या काचेवर विजेची रेघ दाखवणारा डबा, उचलायला दोन गडी लागत. मालक त्याच्यावर हात फिरवून पाहुण्यांना सांगत, की हा अस्सल ब्रिटिश माल. आपा मागून म्हणत, "ह्यालाच कटाळून गेलं ब्रिटिश."

आपा जवळच्याच पौडच्या. बाजारपेठेत त्यांच्या वडिलांचं टॉर्च आणि बॅटऱ्यांचं दुकान होतं. तिथेच त्या रेडिओ उघडायला शिकल्या, मग पुण्यात जाऊन डिप्लोमा केला. यंत्रांची इंग्रजी पुस्तकं त्या घडाघडा वाचत, पण बोलत पौडचंच. लग्न केलेलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारायची छाती कारखान्यात कुणाची नव्हती. मला त्यांनी पहिल्या दिवसापासून "ए बी.एस्सी." अशीच हाक मारली, आणि ती पदवी त्यांच्या तोंडी शिवीसारखी वाटे.

चालू यंत्रात काम करताना त्या डावा हात पाठीमागे पदरात खोचून ठेवत. दोन्ही हात आत गेले तर वीज छातीतून जाते, एकच असला तर माणूस वाचण्याची शक्यता असते. हे मला त्यांनी समजावून सांगितलं नाही. मी दोन्ही हात घातले तेव्हा मनगटावर फटका मारला आणि म्हणाल्या, "एक हात कामाला, एक जगायला. पुस्तकात दिलं न्हाई व्हय तुज्या?"

मुळशीच्या दमट हवेत त्या जुन्या यंत्रांचे हाल होत. स्विचवर बुरशी धरे, कॉइलमध्ये मुंग्या घर करत, विजेच्या उच्च दाबाच्या भागात पाली जाऊन मरत. आपा वासावरून अर्धं निदान करत. कुजलेल्या कोबीसारखा वास आला तर जुना सेलेनियमचा रेक्टिफायर जळालाय, माशाचा आला तर एखादा कंडेन्सर फुटलाय. भाचेसाहेबांच्या वासावरूनही त्या निदान करत, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

भाचेसाहेब म्हणजे मालकांच्या बहिणीचे चिरंजीव आणि आमचे मॅनेजर. यंत्र बिघडलं की त्याच्या कुशीत बुक्की मारायची, एवढंच तंत्रज्ञान त्यांना अवगत होतं. एकदा उन्हाळ्यात स्कोप रोज दुपारी, पत्रे तापले की रेघ दाखवेनासा झाला. सकाळी ठणठणीत, दुपारी काळोख. भाचेसाहेबांनी आधी बुक्की मारली आणि मग त्याला लिंबू-मिरची बांधली. आपांनी ती काढून जेवणात मिरची खाल्ली, आणि जाहीर केलं की आतला ट्रान्सफॉर्मर गेलाय. मी भीत भीत म्हणाले, की तो गरम झालेला वाटत नाही. त्यांनी माझ्या पदवीची, माझ्या कॉलेजची आणि कॉलेजला परवानगी देणाऱ्यांची एकत्र पूजा बांधली. ट्रान्सफॉर्मर पुण्याला जाऊन नवीन तारा गुंडाळून आला, आणि दुपारी रेघ पुन्हा गेली.

मग आपांनी टेबलावरचा दिवा जवळ ओढला. एकेक भाग त्याच्या उष्णतेने तापवायचा, स्पिरिटच्या बोळ्याने थंड करायचा, आणि रेघ जाते की येते ते पाहायचं. दोन-तीन दुपारी यात गेल्या. शेवटी बोळा एका डागावर टेकला आणि रेघ परत आली. डागाला केसाएवढी चीर होती, तापली की ती उघडायची. आपा सवयीने सुरू झाल्या, "डाग दिलाय का शेण..." आणि थांबल्या. गेल्या दिवाळीत तो भाग त्यांनीच बदलला होता. मी शेजारीच उभी होते.

त्या गप्प बसतील असं मला वाटलं. त्या उठल्या, शेडमध्ये जेवायला बसलेल्या सगळ्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "शेण मीच थापलं व्हतं. ट्रान्सफॉर्मर चांगला व्हता. बी.एस्सी. बराबर बोलली, मी गाढवावानी ऐकलं न्हाई." बोलताना आवाज तोच, गोऱ्या साहेबाला बोलण्याचा. मग आत येऊन त्यांनी डाग नवा दिला. त्या दिवसापासून मला त्यांच्या बोलण्याचा राग आला नाही.

पुढे काही वर्षांनी मालकांनी बाहेरची डिजिटल यंत्रं आणली. हलकी, राखाडी, आकडे लुकलुकणारी. मागच्या स्क्रूवर लाल सील होतं आणि ते तुटलं तर गॅरंटी जाणार होती. दुरुस्ती कंपनीचा माणूस करणार. भाचेसाहेबांनी स्कोपला निरोपाचा हार घातला, भाषण केलं, आणि आपांना सांगितलं, की तुम्ही आता पॅकिंग सांभाळा. आपा म्हणाल्या, पॅकिंगच्या बायका त्यांचं काम चांगलं करतात, त्यांच्यात हा अडाणी हात कशाला. आणि दुपारची एसटी धरून घरी गेल्या. निरोपाचा समारंभ झाला तो फक्त स्कोपचा.

दुसऱ्याच पावसाळ्यात डिजिटल मीटरचे आकडे नाचायला लागले. कंपनीचा माणूस येईना, तयार माल शेडमध्ये अडकून पडला. मालक रडकुंडीला आले तेव्हा भाचेसाहेबांनी पौडला जीप पाठवली. आपा आल्या. भाचेसाहेब म्हणाले, "आपा, सील तेवढं तोडू नका. बाहेरून काही कळतंय का बघा."

आपा स्टुलावर बसल्या. "न उघडता आजार सांगायचा तर देवऋषी बोलवा, साहेब. मला कशाला जीप धाडली?" त्यांनी चहा मागवला आणि शांतपणे प्यायला लागल्या.

मला काय झालं कोण जाणे, मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला. भाचेसाहेब म्हणाले, की नोकरी जाईल. मी सील तोडलं. आपा माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या, पण हात लावला नाही. मी चुकीच्या जागी शिरले की मात्र बोलत होत्या. "तितं काय ठेवलंय? दमट हवा कुटं बसंल, त्ये बघ." आतलं कार्ड जिथे खाचेत बसतं तिथल्या पट्ट्यांवर हिरवट थर धरला होता. मी तो स्पिरिटने पुसला. आकडे थांबले. भाचेसाहेब लगेच मालकांना सांगायला पळाले, की मीटर आपणच दुरुस्त केला.

आपांनी जीप नाकारली. मी त्यांच्याबरोबर फाट्यापर्यंत चालत गेले. मी म्हणाले, की तुम्ही हात लावला असता तर काम लवकर झालं असतं.

"त्या कार्डावरली बारीक नक्षी मला दिसतच न्हाई," आपा म्हणाल्या. "साल झालं. डोळं कसलं, नुसत्या खोबणी. सील व्हतं त्ये बरं झालं, न्हाईतर त्या बुक्कीवाल्याफुडं फजिती झाली असती."

दिसत नव्हतं तर आलात कशाला, असं मी विचारलं. दुकान विकलंय आणि भावाकडे साताऱ्याला चाललेय, म्हणाल्या. जाण्याआधी एकदा आतला वास घ्यायचा होता.

वळणावरून एसटी आली. आपा डोळे बारीक करून पाटीकडे बघत राहिल्या.

"पौडचीच हाय का गं?" त्यांनी मला विचारलं.

मी पाटी वाचून हो म्हणाले. त्या दांडी चाचपत वर चढल्या आणि तिथूनच कंडक्टरला म्हणाल्या, की दार नीट लाव, बिजागरीला तेल कुणी घातलंय का कधी.