धाकट्याची कर्दळ

ताईपुढे कर्दळीला कुणी गटाराकडेचं झाड म्हटलं, की त्याची काही धडगत नसे. समोर गिऱ्हाईक आहे की पाहुणा, ती बघायची नाही. कमरेवर हात ठेवून विचारायची, "गुलाब लावलाय का कधी? फवारा, छाटा, मनधरण्या करा, आणि एवढं करून हातात काटा. हिला पाणी घाला, खत घाला, वाळलेलं फूल खुडा. बाकी काही मागत नाही बिचारी." आणि मग त्या माणसाच्या हातात एक रोप कोंबूनच त्याला सोडायची. तो बापडा रोप घेऊन घरी जायचा आणि बायकोला म्हणायचा, घेतलं बाई, भांडणापेक्षा बरं.

पाण्याच्या टाकीमागे रस्ता वळतो तिथं तिची रोपवाटिका होती. एक पत्र्याची शेड, दोन खोल्यांचं घर, आणि पुढं कर्दळींचे नऊ वाफे. लाल, पिवळी, ठिपक्यांची, तांबूस पानांची, गुडघ्याएवढी, माणसाहून उंच. लग्न होऊन दोन वर्षांत नवरा गेला तेव्हा ताई माहेरी परत आली ती कायमची. आईवडील गेल्यावर घरात दोघंच उरली, ती आणि धाकटा भाऊ. त्याला सगळे धाकटाच म्हणायचे, पन्नाशी उलटली तरी.

कामाची वाटणी सरळ होती. गड्डे काढणं, तोडणं, लावणं, विकणं, लोकांशी हुज्जत घालणं हे ताईचं. कर्दळीचा गड्डा म्हणजे आल्याच्या कंदासारखा, फक्त मोठा. त्याला डोळे असतात. दोन-तीन डोळे राखून सुरीनं तुकडा पाडायचा, कापलेल्या जागी राख चोळायची, दोन दिवस सावलीत ठेवायचा आणि मग लावायचा. ताईचा हात असा बसलेला, की बोलता बोलता न बघता तुकडे पाडायची. धाकट्याचं काम वेगळं. तो सकाळी उठून एका फुलाचा पराग रंगाच्या बारीक कुंचल्यानं दुसऱ्याला लावायचा, वर कागदी पिशवी बांधायचा, दोरीला चिठ्ठी अडकवायचा. बी धरलं की काळं टणक बी कानशीनं घासायचा, भिजत घालायचा आणि वर्षभर वाट बघायचा. बहुतेक वेळा जे उगवायचं ते उपटून टाकावं असंच. "तुझे नसते उद्योग," ताई म्हणायची. तो "बरं" म्हणून पुढची पिशवी बांधायचा.

अशी अकरा वर्षं गेल्यावर एका रोपाला फूल आलं. पिकलेल्या पेरूच्या आतल्या गरासारखा गुलाबी रंग आणि पाकळीच्या कडेनं पांढरी रेघ. तसली कर्दळ त्या दोघांनी कधी बघितली नव्हती. ताई दिवसभर त्या वाफ्यापाशी घुटमळत होती. बी मात्र तिला धरेना, म्हणजे वाढवायची तर गड्डे तोडूनच. धाकटा म्हणाला, "देऊ या का दोन-चार लोकांना?" ताई म्हणाली, "शंभर गड्डे होईपर्यंत एक बाहेर जाता कामा नये." शंभर झाले. मग ताई म्हणाली, दोनशे. आता तुम्हीच सांगा, अशा बाईपुढे कोण बोलणार.

धाकटा गेला तो भर दुपारी, वाफ्यातच. खुरपं हातात होतं. ताईनं चहासाठी हाक मारली, ओ आली नाही, म्हणून चिडून बाहेर आली तर तो मातीवर आडवा. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. ताईला पुढचे दोन महिने काही सुचलं नाही. मग हाताला काम हवं म्हणून तिनं लांबच्या एका रोपवाटिकेतून कर्दळीचे गड्डे मागवले, पेटी फोडली, आपल्या सुरीनं तोडले आणि लावले. त्याच सुरीनं त्याच दिवशी धाकट्याची कर्दळही तोडली. सुरी एकच होती, गेली वीस वर्षं तीच.

पुढच्या हंगामात धाकट्याच्या कर्दळीवर नवलच झालं. पानांवर शिरांना धरून पिवळ्या बारीक रेघा उमटल्या. हिरव्यावर पिवळं, सुरेख. पट्ट्यांच्या पानाची कर्दळ किती भाव खाते ते ताईला ठाऊक होतं. तिच्या मनात एकच आलं: हे त्याचंच. तो गेला आणि जाताना झाडाला हे देऊन गेला. ती त्या पानांशी बोलायला लागली. आणि ज्या बाईनं पंधरा वर्षं एक गड्डा कुणाला दिला नव्हता, ती देत सुटली. नेमके पट्ट्याचे गड्डे निवडून तोडायची आणि वाटायची. दवाखान्यातल्या सिस्टरला, न्हाव्याला, पोस्टमनला, निवृत्त हेडमास्तरांना, शाळेच्या फाटकाला. "धाकट्याची आहे, सांभाळा," एवढंच सांगायची. सव्वीस ठिकाणी दिली. त्याच सुरीनं बाकीचे आठ वाफेही तोडून लावले.

तिसऱ्या वर्षी सगळं उघडं पडलं. रेघा तपकिरी झाल्या, पानं मध्येच फाटायला लागली, नवे कोंब वीतभर वाढून बसले. फुलं आली ती चट्टे पडलेली. ताईनं खत बदललं, पाणी कमी केलं, वाढवलं, माती बदलली. शेवटी शेतकी कॉलेजातल्या झाडांच्या डॉक्टरबाईंना बोलावलं. बाई तरुण, चपला काढून वाफ्यात उतरल्या आणि पान उजेडात धरून बराच वेळ बघत राहिल्या.

"ताई, हा रोग आहे. आत भिनलेला. औषध नाही."

"रोग नाही हो, पट्टा आहे तो," ताई म्हणाली. "माझ्या भावाच्या वाणाला आलेला."

बाईंनी मागवलेल्या गड्ड्यांचं विचारलं. सुरीचं विचारलं. प्रत्येक झाडानंतर सुरी औषधाच्या पाण्यात बुडवता का, तेही विचारलं. ताईची उत्तरं ऐकता ऐकता त्या खाली बघायला लागल्या. ताईला ते दिसलं.

"त्या पेटीतून आला आणि सुरीवरून पसरला. सगळं काढून जाळावं लागेल," बाई म्हणाल्या. "ज्यांना दिलंय त्यांचंही. नाहीतर त्यांच्या बागेतून पुढं जाईल. ती पेटी यायच्या आधी तोडलेला एखादा गड्डा कुणाकडे असेल, तर तेवढं वाण वाचलं समजा."

"कुणाकडे नाही," ताई म्हणाली. "मीच देऊ दिला नाही."

नऊ वाफे खणायला तिला आठ दिवस लागले. कर्दळीचं बोटभर मूळ राहिलं तरी फुटतं, म्हणून ती माती हातानं चाळत होती. ओले गड्डे जळेनात, पत्र्यावर पसरून वाळवावे लागले. धूर शेडमध्ये भरायचा आणि ताई खोकत तिथंच बसून राहायची. मग ती कुदळ आणि पोतं घेऊन घरोघरी निघाली. आयुष्यभर लोकांच्या हातात रोपं कोंबणारी बाई आता दारात उभी राहून म्हणायची, "मी दिलेलं झाड परत द्या. मीच रोग दिलाय तुम्हाला." सिस्टरनं फावडं आणलं. न्हावी म्हणाला, "ताई, फूल चट्ट्याचं असलं तरी मला चालतं हो, माझं तरी डोकं कुठं धड आहे." ताईला हसू आलं नाही. हेडमास्तर अडून बसले. दिलेली वस्तू परत मागणं कुठल्या नियमात बसतं, म्हणाले. ताईनं त्यांच्या अंगणातच बसकण मारली. तासाभरानं मास्तरांनीच खणलं आणि वर तिला चहा पाजला.

सव्विसावं झाड पोस्टमनचं. पोतं बांधताना तो म्हणाला, "शिवणवाल्या बाईंचंही काढणार का? त्यांची तर अगदी छान आहे. एक रेघ नाही पानावर."

"कुठली शिवणवाली?"

"बाजाराच्या मागं राहतात त्या. कितीतरी वर्षं बघतोय मी तिथं, गुलाबी, कडेला पांढरी."

शिवणवाली कुठली हे तिनं उगीच विचारलं होतं. अठरा वर्षांपूर्वी धाकटा जेवता जेवता म्हणाला होता, "मला ती शिवणवाली आवडते. तिची ना नाही. लग्न करावं म्हणतो." ताई म्हणाली होती, "मशीनवर बसणारी बाई चिखलात पाय घालेल का? आणि मग मी कुठं जाऊ?" त्यातलं खरं कारण दुसरं, पहिलं नुसतं तोंडी लावायला. धाकटा "बरं" म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो वाफ्यात होता, आणि विषय संपला असं ताई धरून चालली.

पोतं जाळून, अंघोळ करून, धुतलेलं पातळ नेसून ती बाजारामागं गेली. कुंपणापाशी पोचली आणि पाय थांबले. अंगणाच्या कोपऱ्यात धाकट्याची कर्दळ उभी होती. रुंद, हिरवीगार, निरोगी पानं. सात दांडे फुलांनी भरलेले. तिनं तिथूनच नजरेनं पान न पान तपासलं. कुठं काही नव्हतं. आतून मशीनचा आवाज येत होता. तो थांबला आणि बाई दारात आल्या. केस पिकले होते, गळ्यात मापाची टेप तशीच.

"ताई? या ना आत."

"नको. माझ्या अंगावर, पायाला रोगाची माती असेल. मी इथंच बरी." मग तिनं सगळं सांगितलं, सुरीपासून सव्वीस घरांपर्यंत. बाई ऐकत राहिल्या.

"हिचं पहिलं फूल आलं ना, त्याच आठवड्यात ते गड्डा घेऊन आले होते," बाई म्हणाल्या. "स्वतःच लावला. पुढं महिन्यातून एकदा यायचे. मातीची भर द्यायचे, जुने दांडे कापायचे. त्यांची सुरी इथंच असायची, ती बघा खिडकीत. एक कप चहा घ्यायचे आणि जायचे. एवढंच हो, ताई."

महिन्यातून एकदा तो खताच्या दुकानात जायचा. परत यायला उशीर झाला की ताई त्याच्यावर खेकसायची.

"थांबा, एक तुकडा काढून देते," बाई खिडकीकडे वळल्या. "तुमचीच वस्तू आहे."

"नको," ताई जवळजवळ ओरडली. तिनं दोन्ही हात मागं धरले. "माझ्याकडे एक जरी मूळ मातीत राहिलं असेल तर हीही मरेल. आता एवढी एकच आहे जगात. ऐका माझं. हिला कुणाची सुरी लावू देऊ नका. माझी तर नाहीच. मी उद्या रडत आले, पाया पडले, तरी देऊ नका."

बाई खिडकीपासून मागं फिरल्या. "तुमच्या घरातून आजवर कुणी मला काही मागितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "आज मागता आहात, तेही देऊ नका म्हणून."

ताईचा चेहरा वेडावाकडा झाला. "मी वाईट केलं तुमच्याशी," ती म्हणाली. "त्याच्याशीसुद्धा. मला एकटीला राहायची भीती वाटत होती, म्हणून केलं."

"माहीत होतं त्यांना. मलाही. कधी वाईट बोलले नाहीत ते तुमच्याबद्दल."

हे ऐकून ताईला बरं वाटायला हवं होतं, पण उलटंच झालं. कुंपणाची काठी घट्ट धरून ती रडली. रस्त्यानं माणसं जात होती, बघत होती. बाई कुंपणाच्या आतल्या बाजूला तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. ताईनं पदरानं तोंड पुसलं.

"इथं आला की काय करायचा तो? चहा पिताना?"

"बोलायचे. पिशव्यांच्या, बियांच्या, गिऱ्हाइकांच्या गोष्टी. तुम्ही कुणाला कसं झापलं त्याची नक्कल करायचे." बाईंना आठवून हसू आलं. "आणि हसायचे. इतके हसायचे की कपातला चहा सांडायचा."

ताई ऐकत राहिली. इतकी वर्षं तिनं त्याला दोन वेळचं वाढलं होतं. त्याचं हसणं कसं होतं, ते तिला आठवेना.