वच्छलाबाई चहा पीत नाहीत

आसगावात अंगणवाडीच्या वच्छलाबाईंनी चहाला नको म्हटल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं. घरोघरी पोरांची वजनं करत फिरताना दिवसाला किती कप होत असतील ते त्यांचं पोटच जाणे, आणि प्रत्येक घरी "साखर थोडी अजून टाक वं" हे ठरलेलं. त्यामुळे गेल्या चैत्रात त्या माझ्या मुलीचं वजन करायला आल्या, काटा ओसरीच्या कडीला टांगला, मुलीला झोळीत बसवलं आणि मी कप पुढे केल्यावर "नको" म्हणाल्या, तेव्हा मला वाटलं, बाईंची तब्येत बिघडली.

"तब्येत टनाटन हाय," त्या म्हणाल्या. "पन ज्या घरी दोन तोंडाची वायर, त्या घरची चाय मी पेत नाही."

आमच्याकडे नुकताच जनरेटर आला होता. माझे सासरे गोपाळराव हातमागाच्या लुगड्यांचा व्यापार करतात आणि स्वतःला अर्धे इंजिनियर समजतात. जनरेटर घराला जोडायला त्यांनी एक वायर बनवली होती, दोन्ही टोकांना पिन असलेली. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं ओसरीतल्या सॉकेटमध्ये. लावलं की घरभर लाईट. "डोकं लावलं की इलेक्ट्रिशियनचं काम पडत नाही," असं ते आल्यागेल्याला सांगत.

वच्छलाबाईंचे यजमान डोमाजी लाईनमन आहेत. बाईंनी मुलीला झोळीतून काढता काढता मला सगळं समजावलं. "लाईन गेली की माहा मानूस खांबावर चढते. इकडे तुमची मशीन सुरू झाली, आन घरचा मेन स्विच चालू राहिला, तं घरातली लाईट उलटी तारेवर जाते. तुमच्या पंख्यापुरती असते ना ते? ट्रान्सफार्मरातून उलटी गेली की हजारो व्होल्टची होते. डोमा तारेवर अर्थिंगची साखळी टाकते, हातमोजे घालते, सगळं करते. पन तुमच्या ओसरीतून काय येऊन राहिलं, ते त्याले वरून कसं दिसन?"

"मग करायचं काय?"

"मीटरजवळ चेंजओव्हर बसवा. हँडल वर तं कंपनीची लाईट, खाली तं मशीनची, मधात तं काहीच नाही. दोन्ही एका वक्ताले जुळतच नाहीत. पवनीच्या टेकचंदले बोलवा, तो वायरिंग, अर्थिंग सगळं पाहून देते. तवापर्यंत चाय बंद."

ही त्यांची रीत होती. आमच्याकडे कुणी चहाला नाही म्हटलं की घरमालकाला रात्रभर झोप लागत नाही. अशीच वायर असलेल्या चक्कीवाल्या धनीरामनं बाईंच्या नकारावर चार दिवस काढले आणि पाचव्या दिवशी हँडल बसवून कप घेऊन अंगणवाडीत हजर झाला.

मी जेवताना घरात हे सांगितलं. कुणाचाही विश्वास बसला नाही. आमच्या घरात माणूस जे कारण सांगतो ते खरं नसतं, असं आधीच धरून चालतात. सासूबाई, कौशल्याबाई, आवाज खाली आणून म्हणाल्या, "हँडलबिंडल काही नाही. आत्याबाईनं, माह्या सासूनं, वच्छलाच्या सासूसाठी कप वेगळा ठेवला होता नं, कोनाड्यात. तेच काढून राहिली ते."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. वच्छलाबाईंचं घर बौद्ध, आमचं कोष्ट्यांचं. तो कप माझ्या लग्नाआधीच गेला होता, पण तो कोणत्या कोनाड्यात असायचा हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. जे केलं ते वाईटच केलं, आणि ते त्यांना आतून खातही होतं. फक्त बाई त्याबद्दल बोलतच नव्हत्या, एवढं कुणाला पटवता येईना.

मग सुरू झाली मनधरणी. कपांचा नवा सेट आला. सासूबाई स्वतः ट्रे घेऊन बाहेर आल्या, सगळ्यांना एकसारखे कप. बाईंनी कपांवरच्या फुलांचं कौतुक केलं आणि चहा घेतला नाही. बुद्धपौर्णिमेला सासरे आंब्यांची टोपली घेऊन विहारात गेले, हात जोडून बसले. बाईंनी तिथंच आंबा चोखला. "गोड हाय बरं भाऊ. हँडल बसवलं काय?"

सासरे घरी येऊन म्हणाले, "राग गेला नाही अजून."

"अहो मामाजी, हँडलच बसवा ना!" मी सासऱ्यांना म्हटलं.

"तुले नाही समजत त्यातलं." या वाक्याची मला इतकी चीड आहे की मी त्या दिवशी वरणात मीठ टाकलं नाही. मुद्दामच.

त्यानंतर आठवड्याभरात माझ्या नणंदेचं, स्वातीचं, साक्षगंध म्हणजे साखरपुडा होता. आदल्या संध्याकाळी असं वावधान सुटलं की गावातली झाडं तारांवर आडवी झाली आणि लाईट गेली ती गेलीच. सकाळपासून डोमाजी चौकातल्या खांबाशी कामाला लागले होते. इकडे आमच्या मांडवात लाखांदूरचे पाहुणे घामानं भिजायला लागले. स्वाती वच्छलाबाईंच्याच अंगणवाडीत वाढलेली, म्हणून बाई सकाळीच येऊन काकड्या चिरत बसल्या होत्या. अर्थात बिनचहाच्या.

सासऱ्यांनी जनरेटर अंगणात ओढला, वायरीचं एक टोक त्याला आणि दुसरं सॉकेटला लावलं, आणि सुरू करायची दोरी हातात धरली. वच्छलाबाईंनी सुरी खाली ठेवली. पदर खोचला. आल्या आणि जनरेटरवर बसल्या. बाई अंगानं भारदस्त. मशीन पार दिसेनाशी झाली.

"वच्छलाबाई, हे काय करून राहिल्या? उठा! मेनचा खटका मी सोता पाडला हाय. लाईट बाहेर जातच नाही."

"तुम्ही पाडला. आन गडबडीत कोनी उचलला तं?"

"कोन कायले उचलते?"

"मले काय मालूम? घरात शंभर मानूस हाय."

मुलाकडची माणसं माना उंचावून बघायला लागली. नवरदेवाची आई पदरानं वारा घेत होती, तिचा हात थांबला. सासरे लाल झाले, मग एकदम नरमले. सगळ्यांसमोर त्यांनी बाईंपुढे हात जोडले. "आमच्या मायनं तुमच्या सासूसाठी कप वेगळा ठेवला. लय चुकलं आमचं. मी माफी मागतो. पन आज पोरीचं साक्षगंध हाय बाई, आज तं राग सोडा."

वच्छलाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"तो कप मी इसरली नाही भाऊ, आन इसरनार बी नाही. त्याचं बोलू, एक दिवस निवांत बसून बोलू. पन आज माहा मानूस खांबावर हाय. मी हँडलचं म्हनते तं हँडलचंच म्हनते!"

मला टाळी वाजवावीशी वाटली. सून असल्यामुळे वाजवली नाही.

एवढ्यात घरातून भैय्यालाल मामा बाहेर आले. हे सासूबाईंचे भाऊ. दुसऱ्याच्या घरी दोन मिनिटं स्वस्थ बसले तर त्यांना ताप येतो. खांद्यावरच्या दुपट्ट्याला हात पुसत, मोठ्या समाधानानं म्हणाले, "अरे गोपाळराव, लाईट येईन तरी कशी? तुमचा मेनच पडला होता! म्या उचलला."

सासऱ्यांनी मामांकडे पाहिलं, मग भिंतीतल्या त्या पिनेकडे, मग आपल्या मुठीतल्या दोरीकडे. बाई मशीनवर नसत्या तर ती दोरी त्यांनी केव्हाच ओढली असती. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला त्यांच्यावरचा सगळा राग विसरून भीतीच वाटली. त्यांनी दोरी सोडली, जाऊन आधी वायर सॉकेटमधून उपटली, मग दुसरं टोक काढलं. तेव्हा कुठे बाई उठल्या.

"आता कूलर थेट मशीनले लावा, घराले नको," त्या म्हणाल्या. "आन मशीन तिकडं दूर ठेवा, धूर घरात नको. पाव्हने शिजून राहिले नं!" मग कूलर सुरू झाले, नवरदेवाची आई हसली, आणि भैय्यालाल मामा मात्र प्रत्येकाला विचारत फिरू लागले की त्यांनी केलं तरी काय.

सासऱ्यांनी टेकचंदला फोन लावला. "आजच ये. जेवायलेच ये." फोन ठेवला आणि ती वायर हातात घेऊन, चपला न घालता, ते फाटकाबाहेर पडले. भर उन्हात अनवाणी निघालेले बघून मी मागोमाग गेले.

चौकातल्या खांबावर डोमाजी पट्टा अडकवून उभे होते. दोन्ही हातांत तार. तिथून निघून ती सरळ आमच्या घरावर येत होती. रोज खालून जाऊनही मी ती कधी अशी बघितली नव्हती. सासऱ्यांनी वायर उंच धरली आणि ओरडले, "डोमाजी! वायर काढली आमची! हे पाहा, काढली!"

डोमाजींनी खाली पाहिलं, बाहीनं कपाळ पुसलं.

"काहून बोंबलता भाऊ? वच्छला सकाळपासून तुमच्याच घरी हाय. म्हनून तं वर चढलो."

मांडवातून दोनदा बोलावणं आलं तरी डोमाजी खाली उतरेपर्यंत सासरे खांबाखालून हलले नाहीत.