घरचं बी

देगलूरच्या रस्त्याला एक लहानसं शेती संशोधन केंद्र आहे. तिथले साहेब दर तीन वर्षांनी बदलायचे, पाटीवरचा रंग त्याहून उशिरा बदलायचा, पण शिवम्मा बिरादार चौतीस वर्षं जागची हलली नाही. सव्विसाव्या वर्षी ती रोजंदारीवर निंदायला आली आणि तिची बोटं पाहून एका साहेबांनी तिच्या हातात चिमटा दिला. काम ऐकायला सोपं. तुरीची न उमललेली कळी उघडायची, आतले दहाच्या दहा पुंकेसर काढायचे, मधल्या नाजूक काडीला धक्का लागू द्यायचा नाही, आणि दुसऱ्या वाणाचे पराग टेकवून देठाला दोरा बांधायचा. शंभरातल्या दहा-बारा कळ्या धरायच्या. पदवीधर मंडळी तासाभरात मान चोळत सावलीला बसत. शिवम्मा दुपारपर्यंत मान वर करत नसे.

तिने बांधलेल्या दोऱ्यांतूनच, बारा वर्षांच्या निवडीनंतर, चारशे सतरा नंबरचा वाण निघाला. मर रोगाने जिथे शेतंच्या शेतं उभी वाळायची, तिथे हा तग धरून राहिला. वाण जाहीर झाला तेव्हा कागदावर सात शास्त्रज्ञांची नावं होती. शिवम्माचं नव्हतं, आणि त्याचं तिला काही वाटलं नाही. इतरांना वाटायला हवं होतं.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाल्यावर, नोव्हेंबरात, ती हयातीच्या दाखल्यावर सही घ्यायला केंद्रावर आली. तूर योजनेच्या प्रमुख भार्गवी मॅडम खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. नांदेडच्या एका मास्तरांची ही मुलगी एरवी पावसातही चिखल तुडवत वाफे बघायला जाणारी. आज तिचा चेहरा उतरलेला होता. शिवम्माने विचारल्यावर तिने सगळं सांगून टाकलं. लोकांचा पैसा संशोधनावर खर्च होतो, त्याचा लोकांना परतावा काय मिळाला हे प्रत्येक योजनेनं आता दाखवायचं होतं. बाहेरच्या एका कंपनीने उदगीर, मुखेड, देगलूरच्या चाळीस गावांत फिरून सहाशे शेतकऱ्यांना विचारलं. चारशे सतरा पेरतो म्हणणारे निघाले नऊ. पुढच्या शुक्रवारी लातूरला समिती बसणार, योजना बंद करणार, आणि मग दरसाल पेरून जिवंत ठेवलेले तुरीचे दोन हजार प्रकार पिशव्यांतच मरून जाणार.

शिवम्माला हिशोब कळेना. तिच्या एकट्या गावात नऊहून जास्त शेतांत तीच तूर उभी होती. तिने विचारलं, त्या लोकांनी नेमकं काय विचारलं? कोणता वाण पेरला, असं. आणि लोकांनी काय सांगितलं? भार्गवीने भरलेल्या फॉर्मांचा गठ्ठा पुढे केला आणि वाचून दाखवलं. घरचं. घरचं. घरचंच बी. आणि प्रत्येक 'घरचं'पुढे कंपनीच्या माणसाने खूण केली होती: गावरान.

शिवम्मा आधी हसली आणि मग तिला भयंकर राग आला.

"मॅडम, घरचं म्हंजी गावरान न्हाई. घरचं म्हंजी गेल्या साली राखून ठिवलेलं. दुकानातनं आनलं न्हाई, इतकंच. आता नंबर कोन ध्यानात ठिवतंय?"

भार्गवीने कपाळावर हात मारून घेतला. एवढी शिकलेली माणसं, एवढे छापील तक्ते, आणि सगळं अडलं होतं एका शब्दावर.

तूर फुलावर होती, हे नशीबच. चारशे सतराच्या पाकळीची पाठ शिवम्माने झोपेतही ओळखली असती. त्यावरच्या लाल रेघा देठाकडे दाट असतात आणि कडेला येईपर्यंत विरतात. दाखल्यावरची सही राहिली बाजूला. दोघी दुसऱ्या दिवशी केंद्राच्या जीपमधून निघाल्या. त्याच यादीतली साठ शेतं चिठ्ठ्या टाकून काढली. पाच दिवस शिवम्मा बांधाबांधाने फिरली. शेतात शिरायची, दहा ठिकाणची फुलं उलटी करून बघायची आणि हाय किंवा न्हाई एवढंच बोलायची. बी कुणाकडून आलं हेही विचारायची. कुणाच्या मेव्हण्याने दिलेलं, कुणी लेकीच्या सासरहून आणलेलं, कुणी पायलीला पायली बदललेलं. असंच ते बी गावोगाव पोचलं होतं.

चौथ्या दिवशी चिठ्ठी निघाली ती तिच्या दिराच्या शेताची. शिवप्पाने मोठ्या आदराने मॅडमना घोंगडी अंथरली आणि सांगितलं की ही तूर वहिनीच्या केंद्राचीच. शिवम्माने फुलं उलटली. रेघा फिकट होत्या. तिने हातातलं फूल टाकलं आणि ती म्हणाली, "न्हाई." भार्गवीने हळूच सुचवलं की शंका असेल तर धरू या. शिवम्माने नकारार्थी मान हलवली. जीप निघाली तेव्हा शिवप्पा निरोप द्यायलाही उठला नाही.

साठांपैकी त्रेचाळीस भरली. शुक्रवारी लातूरला समितीपुढे भार्गवीने आकडा मांडला आणि शेजारी शिवम्माला बसवलं. अध्यक्षांनी विचारलं, ओळख कोणी पटवली? यांनी. यांचं शिक्षण? चौथी. कोणीतरी गालात हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी कागद चाळला आणि विचारलं, पाच शेतांपुढे 'नाही, पण शंका' लिहिलंय, ती का धरली नाहीत? योजना तर तुमचीच वाचवायची आहे.

भार्गवी काही बोलायच्या आत शिवम्मा बोलली. "एक खोटं धरलं, तर बाकीच्या त्रेचाळीसावर तुमी इश्वास का ठिवावा, साहेब?"

अध्यक्षांनी साठही शेतांतली पानं जनुकीय तपासणीला पाठवायला सांगितली आणि निर्णय दोन महिने पुढे ढकलला. ते दोन महिने भार्गवीने कसे काढले हे तिचं तिलाच ठाऊक. पानांचा अहवाल आला आणि तिने लगेच शिवम्माला फोन केला. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस बरोबर. योजनेला पाच वर्षं मिळाली. कंपनीचे फॉर्मही नव्याने भरून घेणार आहेत.

शिवम्माने पुढचंच विचारलं.

"आन् न्हाई म्हनलेली सतरा?"

सोळा बरोबर, भार्गवी म्हणाली. एक तेवढी आपली निघाली. मग तिने अहवालातलं नाव वाचलं: शिवप्पा बिरादार.

शिवम्माला आनंद झाला नाही असं नाही. पण रात्रभर तिला ते एक फूल दिसत होतं. ओल्या नाल्याकाठचं, उशिरा पेरलेलं, म्हणून रेघा फिकट. परक्याचं असतं तर तिने आणखी दहा फुलं उलटली असती. दिराचं म्हणून ती घाबरली होती, लोक काय म्हणतील म्हणून. चौतीस वर्षांत तिला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

सकाळच्या पहिल्या एसटीने ती गेली. शिवप्पा खळ्यावर तूर बडवत होता. त्याने पाहिलं आणि मान वळवली. शिवम्मा डोक्यावरचा पदर सावरून त्याच्यासमोर उभी राहिली.

"भावजी, चुकलं माजं. तुमची तूर आमचीच हाय."

शिवप्पाने काठी खाली ठेवली. घाम पुसला. "मला ठाव होतं," तो म्हणाला. "पर तुमी न्हाई म्हनल्यावर मलाच वाटाय लागलं, माजंच चुकलं आसंल."