लुपितानं दिलेली माळ

जगन्नाथ गेला तेव्हा सुमित्राला कुणी काही उतरवायला सांगितलं नव्हतं. ॲरिझोनातल्या चँडलरमध्ये सांगणार तरी कोण? तिनं आपणच मंगळसूत्र, कुड्या, बांगड्या काढून ठेवल्या आणि चिप बनवणाऱ्या कंपनीच्या लॅबमध्ये नुसतं घड्याळ घालून जाऊ लागली.

१९८६च्या ऑगस्टमध्ये लॅबमधली मैत्रीण रोझली तिला न्यू मेक्सिकोतल्या आपल्या गावी घेऊन गेली. रोझली तिथल्या मूळच्या प्वेब्लो लोकांपैकी. गावाचा सण होता, मक्याच्या पिकासाठीचा नाच होता. रोझलीची म्हातारी आई, लुपिता, खाटेवर दागिने मांडून बसली होती. शिंपल्यावर फिरोज्याचे, काळ्या दगडाचे, लाल शिंपल्याचे तुकडे असे जडवलेले, की मध्ये नख शिरू नये. सगळं तिनंच घासून घडवलेलं.

तिनं सुमित्राचा गळा पाहिला आणि एक माळ पुढे केली.

"नको," सुमित्रा म्हणाली. "माझे मिस्टर गेले. आमच्यात नवऱ्यामागे नाही घालत फारसं."

रोझलीनं ते आईला समजावलं. लुपिता रागावली नाही.

"माझाही गेला. पण हे मी त्याच्यासाठी घालतच नव्हते. आमचे पूर्वज आहेत, त्यांच्यासमोर उभं राहायचं, सगळ्यांसाठी पाऊस मागायचा. ओक्याबोक्या गळ्यानं कसा मागू?"

माळ खाटेवर ठेवून ती नाचायला निघून गेली.

बाहेर ऊन रणरणत होतं. ढोलाच्या ठेक्यावर लुपिता रांगेत नाचत होती. गळ्यात माळांचा भार, पावलं जमिनीवरून जेमतेम उचललेली. मिरवणं नाही, इकडंतिकडं बघणं नाही. बघता बघता सुमित्राच्या मनात आलं, दोन वर्षं आपण देवाला रोज हात जोडतोय, पण कुणासाठी काही मागितलंच नाही.

घरात येऊन तिनं माळ उचलली. मानेमागं गाठ काही बसेना. शेवटी रोझलीनंच मारून दिली.

सप्टेंबरात मराठी मंडळाच्या गणपतीत ती माळ घालूनच गेली आणि जगन्नाथ गेल्यापासूनच्या सवयीनं मागच्या भिंतीशी उभी राहिली. मंडळातल्या पद्मजाचं लक्ष गेलं.

"अगं, हे काय घातलंयस?"

"मैत्रिणीच्या आईनं दिलं. प्रार्थनेला घालतात त्यांच्यात."

पद्मजानं माळ नीट निरखून पाहिली. मग तिचा दंड धरून म्हणाली, "मग मागे काय उभी राहिलीस? चल, आरती तू धर."