दोन तिकिटांचे पॉइंट

माझ्या क्रेडिट कार्डावर कोल्हारातल्या आमच्या अर्ध्या गल्लीचं सामान आलेलं आहे. शेजारणीचा फ्रिज, धाकट्या दिरांची विहिरीवरची मोटर, माझ्या शाळेतल्या दुसऱ्या बाईंच्या मुलाची क्लासची फी. कुणी काही मोठं घ्यायला निघालं की मी दुकानात आधीच हजर. रोख माझ्याकडे द्या, कार्ड मी घासते. दुकानदार हसायचे. हसोत बापडे, पॉइंट माझ्याच खात्यात पडत होते.

हे वेड लेकीने लावलं. ती जर्मनीत. "आई, पॉइंटवर मिक्सर-कुकर घेऊ नकोस, त्यात काही दम नाही. ते विमान कंपनीकडे वळव, तिकिटात त्यांचं खरं मोल होतं. आणि बिल तारखेच्या आत पूर्ण भर, नाहीतर व्याजात सगळं वाहून जाईल." जन्मभर मास्तरकी केलेल्या मी तिची ही शिकवणी वहीत उतरवून घेतली.

मग तिला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिला येता येत नव्हतं. म्हणून माहेरानेच तिकडे जायचं ठरलं. फोनवर तिचं वाढलेलं पोट दिसायचं. हात लावावासा वाटायचा, तिच्या केसांना तेल लावून द्यावंसं वाटायचं. फोन ठेवल्यावर किती वेळ मला काही सुचायचं नाही.

सातव्या महिन्यात एक तिकीट होऊन वर उरतील इतके पॉइंट झाले, दुसऱ्याला थोडेच कमी पडत होते. आम्हा दोघांचा व्हिसा आला होता. त्याच दिवशी तिकीट काढायला हवं होतं. पण दिवाळीच्या सुमारास पॉइंट वळवले तर पाव हिस्सा जादा मिळतो, हे वहीत लिहिलेलं होतं. तेवढं थांबलं तर तिकिटं दोन होत होती, आणि आमच्या ह्यांनी विमान आजवर फक्त खालून पाहिलेलं. मला हाव सुटली.

ह्यांचा जन्म कांद्यात गेला. जेवताना म्हणाले, "तू जा म्होरं. माझं काय अडलंय तिथं?"

"दोघं जाऊ की. महिनाभर थांबलं तर तुमचं तिकीट फुकट होतंय."

"फुकटाचं लई मनावर घेऊ नको. कांदाचाळीत जास्त दिस ठिवला की कांदा खालनं सडतो, वरनं कळत न्हाई. माझं तिकीट काढायचंच तर कांदं इकून काढू."

"मग वर्षभर गल्लीत फिरून पॉइंट जमवले ते काय लोणचं घालायला?"

त्यांनी ताटात लक्ष घातलं.

दिवाळीत ऑफर आली. पॉइंट वळवले, जादाचे पडले, मी खुशीत तारखा बघायला बसले. पॉइंटवर द्यायच्या जागा विमानात मोजक्याच असतात, आणि त्या माझ्यापेक्षा शहाण्या लोकांनी केव्हाच उचलल्या होत्या. एकटीपुरतीही जागा नव्हती. दोन जागा मिळत होत्या त्या थेट जानेवारीच्या शेवटी. रोखीचा दर पाहिला तर तिप्पट. हे म्हणाले, "घे, काय व्हायचं ते हुईल." मी म्हटलं, दोन दिवस बघू, दर उतरेल. तो उतरला नाही आणि दोन दिवसांचे आठवडे झाले.

बाळ दोन आठवडे आधीच आलं. शाळेत प्रार्थना संपत होती तेव्हा जावयांचा फोन आला. ते कामासाठी दुसऱ्या गावी गेले होते, तिथेच अडकले. दवाखान्यात लेकीजवळ शेजारची एक तुर्की बाई होती. रात्रभर तिने हात धरून ठेवला म्हणे. देव तिचं भलं करो. पण तो हात माझा असायला हवा होता, आणि हे मी कुणाला बोलून दाखवू शकत नव्हते. मुलांना वर्गात बसवलं आणि फळ्याकडे तोंड करून डोळे पुसले.

जानेवारीच्या त्या दोन जागा घेतल्या. तिकिटं हाती आल्यावर लेकीला फोन लावला. ती बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, नीट, सराईत हाताने. मी सांगत सुटले, दोघांचे मिळून फक्त कराचे पैसे गेले, ह्यांना खिडकीची जागा मिळाली.

"छान झालं गं आई," ती म्हणाली. "पण थंडी फार आहे, बाबांना सोसायची नाही. तारीख पुढे ढकलता येत असेल तर उन्हाळ्यात या. आता काही घाई नाही."

तिच्या आवाजात राग नव्हता. तेवढ्या दिवसांत ती माझ्यावाचून निभावायला शिकली होती.